मोशे बोलतो, अहरोन गातो: पेणकर, अष्टमकर आणि व्हिएन्नाचा एक अर्धवट ऑपेरा

हेडफोन लावलेत? आजचा भाग जरा लांबचा फेरा मारून येणार आहे. पेणहून निघून व्हिएन्ना, बर्लिन आणि परत कुंडलिकेच्या काठी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

सुरुवात आडनावांपासून करू. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर, चेऊलकर. रायगडातल्या कोणालाही ही आडनावं ऐकून काही विशेष वाटणार नाही. गावाला ‘कर’ लावलं की आडनाव तयार, ही आपली जुनी कोकणी रीत. आता याच आडनावांच्या आधी नावं लावून बघा. बेंजामिन अष्टमकर. जोसेफ पेणकर. डेव्हिड चेऊलकर. हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा आठवतात का? ते अभिनेते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूळ याच समाजाचे.

रोह्याच्या बाहेरच्या लोकांसाठी एक खुलासा. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची जोडगावं. नगरपरिषदेचं नावसुद्धा ‘रोहा अष्टमी’ असंच आहे. कोकण रेल्वे जिथून सुरू होते तेच हे रोहा. अष्टमकर हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेने इस्राएलांची मूळकथा बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेली असते. फार फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नवगावला त्या जुन्या दफनभूमीची जागा आजही दाखवतात. बुडालेल्या गलबताबरोबर त्यांचे धर्मग्रंथही गेले, असं ही कथा सांगते. पुढे ही मंडळी कोकणातल्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. घरात मराठी, अंगावर मराठी कपडे, ताटात भात आणि मासे. फक्त मासे खवले आणि पर असलेलेच. कोलंबी नाही, खेकडा नाही. कोकणात राहून कोलंबी न खाणं ही श्रद्धेची केवढी मोठी परीक्षा आहे, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

ग्रंथ गेले, हिब्रू गेली. मग उरलं काय? परंपरा सांगते की एक प्रार्थना उरली. ‘शेमा यिस्राएल’. हे इस्राएल, ऐक, आपला देव एकच आहे, अशा अर्थाची ज्यू धर्मातली सगळ्यात मूळची प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मरण असो, बाकी काही येत नसलं तरी शेमा म्हणायची. तिची सुरुवातच ‘ऐक’ या शब्दाने होते. ही शेमासुद्धा लक्षात ठेवा, कारण ती आपल्याला शेवटी एका अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

आता इथून एकदम युरोपात जायचंय. का, ते सांगतो.

1850 मध्ये जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याने टोपणनावाने एक लेख छापला. विषय: संगीतातले ज्यू. मुद्दा थोडक्यात असा, की ज्यू माणूस युरोपात कितीही पिढ्या राहिला तरी तिथली भाषा तो परक्यासारखीच बोलतो. त्यामुळे तो नक्कल करू शकतो, पण मनापासूनचं संगीत त्याच्याकडून होणार नाही. लेख विषारी होता, आणि 1869 मध्ये वाग्नरने तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. पुढच्या दोन पिढ्यांतल्या प्रत्येक ज्यू संगीतकाराच्या मानगुटीवर हा प्रश्न बसला: तू ज्या भाषेत गातोस ती तुझी आहे का?

गुस्ताव मालरचं उदाहरण घ्या. 1897 मध्ये त्याला व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचं पद हवं होतं. ज्यू माणसाला ते मिळणं जवळपास अशक्य होतं. त्याने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी त्याला पद मिळालं. तरी त्याच्या पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग ऐका. बालगीताच्या चालीवर एक प्रेतयात्रा निघते आणि मध्येच पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नातल्या बँडसारखं काहीतरी वाजून जातं. धर्म कागदावर बदलला, पण कान तेच राहिले, असं मला तरी ते ऐकताना वाटतं.

आणि मग आपला आजचा मुख्य माणूस, अर्नोल्ड शोनबर्ग. जन्म 1874, व्हिएन्ना. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यानेही ख्रिस्ती धर्म घेतला, प्रॉटेस्टंट पंथाचा. 1921 च्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह ऑस्ट्रियातल्या माटझे नावाच्या तळ्याकाठच्या गावी सुट्टीला गेला, तेव्हा गावाने जाहीर केलं की इथे ज्यू पाहुणे नकोत. बाप्तिस्म्याचा कागद दाखवून राहता आलं असतं कदाचित, पण तो निघून गेला. तिथून त्याचा उलटा प्रवास सुरू झाला. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, बर्लिनच्या अकादमीतली त्याची नोकरी गेली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसच्या एका सिनेगॉगमध्ये तो रीतसर पुन्हा ज्यू झाला. साक्षीदारांमध्ये चित्रकार मार्क शगाल होता.

या परतीच्या वाटेवर, 1930 ते 1932 मध्ये, त्याने एक ऑपेरा लिहायला घेतला. ‘मोझेस उंड आरोन’, म्हणजे आपल्या मराठी बायबलमधले मोशे आणि अहरोन. (शोनबर्गला 13 या आकड्याची भयंकर भीती होती. जर्मन शीर्षकात 13 अक्षरं होत होती म्हणून त्याने आरोनच्या नावातला एक ‘ए’ काढून टाकला, असं सांगतात. गंमत अशी, की माणूस गेला तो 13 जुलैलाच, 1951 साली.)

ऑपेराची गोष्ट बायबलमधलीच. जळत्या झुडपातून देव मोशेला सांगतो, जा, माझ्या लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडव. मोशे म्हणतो, मला नीट बोलता येत नाही. देव म्हणतो, तुझा भाऊ अहरोन तुझ्या वतीने बोलेल. शोनबर्गने इथेच बोट ठेवलं. त्याच्या ऑपेरात मोशे गातच नाही! ऑपेराचा नायक आणि गात नाही. तो बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी उभा राहतो. सुराला स्पर्श करतो आणि लगेच सोडून देतो. अहरोन मात्र सुरेख, गोड, उंच आवाजात गातो. मोशेला देव कळलाय पण सांगता येत नाही. अहरोनला सांगता येतं, लोकांना भुलवता येतं, पण सांगता सांगता तो देवाचं काहीतरी भलतंच करून बसतो. मोशे डोंगरावर गेलेला असताना लोक बिथरतात आणि अहरोन त्यांना सोन्याचं वासरू बनवून देतो. घ्या, हा तुमचा देव.

संगीताची भाषासुद्धा याला साजेशी. हार्मोनियम डोळ्यासमोर आणा. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून 12 पट्ट्या. शोनबर्गने त्या बाराही स्वरांची एक रांग ठरवली आणि सगळा ऑपेरा त्या एकाच रांगेतून विणला. कुठल्याही स्वराला ‘सा’चा मान नाही. आपल्या कानाला हे फार जड जातं, कारण आपल्याकडे तंबोरा सुरू झाला की घर सापडतं. इथे घरच नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या देवाची गोष्ट, आणि कानाला टेकायला षड्ज नाही. दोन अंक पूर्ण झाले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मोशे एकटा उरतो आणि आपल्याकडे शब्दच नाही म्हणून कोसळतो. तिसऱ्या अंकाचे शब्द शोनबर्गने लिहिले, पण संगीत कधीच झालं नाही. त्यानंतर तो जवळजवळ वीस वर्षं जगला, तरी नाही. विचार आणि गाणं, मोशे आणि अहरोन, यांना एका गळ्यात कसं आणायचं, हे त्याला सुटलं नाही असं मी म्हणेन. अभ्यासक याची आणखीही कारणं देतात.

आता परत या. मुंबई, 1880.

हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणाने माहीत असतं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्याच साली मुंबईत बेने इस्राएल समाजातल्या काही जणांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. डेव्हिड हाईम दिवेकर आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर ही त्यातली ठळक नावं. हेच ते अष्टमकर. आडनावात कुंडलिकेच्या काठचं गाव घेऊन हा माणूस मुंबईत मराठी कीर्तनं रचत होता. कीर्तनाचे विषय? अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया. बाकी सगळा थाट आपल्या नारदीय कीर्तनाचा. उभं राहून आख्यान लावायचं, मध्ये पदं, साकी, दिंडी, ओवी. साथीला पेटी, तबला, झांजा.

ज्यांनी कीर्तन कधी बसून ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी जरा थांबून सांगतो, कारण मुद्दा इथेच आहे. कीर्तनकार बोलतो. साधं गद्य, समजावून सांगणं, मध्ये एखादा विनोद, एखादा टोमणा. बोलता बोलता आवाज चढतो, शब्द लयीत पडायला लागतात, आणि नेमक्या जागी तो गायला लागतो. गाणं संपतं न संपतं तोच पुन्हा बोलणं. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे कित्येकदा कळतही नाही. एकच माणूस, एकच गळा. विचार सांगणारा तोच आणि लोकांना डोलायला लावणारा तोच. म्हणजे मोशेही तोच, अहरोनही तोच.

शोनबर्गला दोन भावांमध्ये जे तोडावं लागलं ते अष्टमकरांच्या मंडळींकडे जोडलेलंच आलं. ते कोणी शोनबर्गपेक्षा मोठे संगीतकार होते असा माझा दावा नाही. पण त्यांच्या हातात जो साचा होता तो बोलणं आणि गाणं एकत्र नांदवण्यासाठीच शेकडो वर्षं घडत आला होता. व्हिएन्नातल्या माणसाच्या हातात वाग्नरचा ऑपेरा होता, आणि त्या ऑपेराच्या मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं की हे तुझं नाही. फरक प्रतिभेचा नसावा. यजमानाने दार किती उघडं ठेवलंय, याचा तो फरक आहे. बेने इस्राएल साकी म्हणतात म्हणून कोणा पुणेकराने साकी बाटली असा लेख लिहिला नाही.

इथे कोणी म्हणेल, वा, काय गोड गोष्ट आहे, कोकणात सगळे कसे गुण्यागोविंदाने राहत होते! थोडं सबुरीने घ्या. बाहेरून फार छळ झाला नाही हे बेने इस्राएल स्वतः आजही अभिमानाने सांगतात, आणि ते खरंच आहे. पण 1880 चं कीर्तन निव्वळ आनंदातून आलेलं नाही. त्याच्यामागे बरीच धाकधूक होती.

ती अशी. हरवलेले ग्रंथ या समाजाला परत मिळाले ते कोणाकडून? थोडे कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांकडून, आणि बरेचसे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज मुंबईत चौपाटीवर आहे, त्यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते याच लोकांना डोळ्यासमोर ठेवून. मिशनच्या शाळांत मुलं शिकली, मराठी बायबल वाचू लागली. मिशनऱ्यांना वाटत होतं ही मंडळी ख्रिस्ती होतील. झालं उलटंच. वाचायला शिकलेले बेने इस्राएल जास्त पक्के ज्यू झाले! 1846 मध्ये मुंबईत त्यांच्यासाठी वल्हांडण सणाची पोथी, म्हणजे हागादा, मराठी भाषांतरासह छापून निघाली. 1874 मध्ये पुण्यात दुसरी निघाली. तिच्यातल्या चित्रात सणाच्या बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यात आयुष्य घातलं.

दुसरीकडून बगदादी ज्यूंचा डोळा होता. मुंबईतले ससून वगैरे श्रीमंत व्यापारी. हे काळेसावळे, मराठी बोलणारे, खरे ज्यू आहेत का, असा संशय त्यातले बरेच जण उघड बोलून दाखवायचे. म्हणजे एका बाजूला मिशनरी म्हणतो, तुम्ही आमच्यात या. दुसऱ्या बाजूला धर्मबंधू म्हणतो, तुम्ही आमचे नाहीच. अशा वेळी समाजातल्या बायकापोरांना, हिब्रू न येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्याच धर्माची गोष्ट कशी सांगायची? त्यांना कळेल अशा मराठीत, त्यांना आवडेल अशा चालीत. म्हणून कीर्तन.

म्हणजे जी गोष्ट आज आपल्याला ‘प्राचीन परंपरा’ वाटते ती खरं तर शहरात, छापखान्याच्या आणि इंग्रजी शाळांच्या काळात, शिकलेल्या लोकांनी ठरवून केलेली नवी गोष्ट होती. युरोपात ज्याला मॉडर्न म्हणतात त्याच्याशी तिचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. सिनेगॉगमधली प्रार्थना मात्र हिब्रूतच राहिली, तिच्या चाली वेगळ्या. आणि घरी मलिदा व्हायचा, अजूनही होतो: पोहे, नारळ, गूळ किंवा साखर, फळं, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं हिब्रू गाणं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं मानतात. देवाचा संदेष्टा यायचा तर तो कोकणातच का येऊ नये?

मूर्तीचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कारण शोनबर्गचं सगळं भांडण मूर्तीवरूनच आहे. पेण म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं? गणपती! पेणचे गणपती आज देशभर आणि परदेशात जातात. त्याच पेणमध्ये 1863 सालचं सिनेगॉग आहे, बेथ हा-एलोहिम, म्हणजे देवाचं घर, आणि त्या घरात कुठलीही मूर्ती नाही. ज्या गावात घरोघरी देवाला हातपाय, सोंड आणि डोळे दिले जातात त्या गावात आकार नसलेल्या देवाची प्रार्थना इतकी वर्षं चालली. बायबलमधला मोशे वासरू बघून संतापतो. पेणच्या ज्यूंना शेजाऱ्यांवर संतापायचं काही कारण पडलं नाही. त्यांनी कीर्तन घेतलं, मूर्ती घेतली नाही. काय घ्यायचं आणि काय सोडायचं याचा त्यांचा हिशोब माशांसारखाच चोख होता: खवले असलेलं ठेवायचं, बाकीचं शेजाऱ्याच्या ताटात बरं.

आता जोसेफ पेणकर. हे मला फार आवडतं.

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’. 14 मार्च 1931, मुंबईचं मॅजेस्टिक सिनेमा. हा चित्रपट ज्या नाटकावर बेतला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड, पूर्ण आडनाव पेणकर, बेने इस्राएल. पारशी रंगभूमीवर त्यांची हयात गेली. आता साल बघा. 1931. बर्लिनचा शोनबर्ग त्याच दिवसांत ‘मोझेस उंड आरोन’ लिहितोय आणि झगडतोय, की माझ्या माणसाने बोलावं की गावं. आणि मुंबईत एका पेणकराच्या लेखणीतून निघालेल्या गोष्टीतली माणसं पडद्यावर पहिल्यांदाच बोलतायत, आणि बोलता बोलता सात वेळा गातायत! तेव्हापासून आपला सिनेमा त्यातून बाहेर आलेला नाही. युरोपातल्या समीक्षकांना अजून कळत नाही की ही माणसं मध्येच गायला का लागतात. कीर्तन ऐकलेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही.

यावर कोणी म्हणेल की यात ज्यू असं काय आहे? ‘आलम आरा’ ही राजा-राण्यांची गोष्ट. बरोबर आहे. ज्यू संगीत म्हणजे नक्की काय, यावर युरोपातही एकमत नव्हतं. 1908 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ज्यू लोकसंगीताची संस्था निघाली, ते खेड्यापाड्यांतून गाणी गोळा करत होते. अब्राहम इडेलसोन नावाचा अभ्यासक जेरुसलेममध्ये फोनोग्राफ घेऊन येमेनी, बगदादी, पर्शियन अशा वेगवेगळ्या ज्यूंची गाणी ध्वनिमुद्रित करत होता. त्याचे 10 खंड 1914 ते 1932 मध्ये निघाले. आणि जिनिव्हात जन्मलेला अर्नेस्ट ब्लॉख, जन्म परत 1880 चाच, म्हणत होता की मला जुन्या चाली उकरून काढायच्या नाहीत, मला त्यामागचा आत्मा हवाय. त्याचं ‘शेलोमो’ हे 1916 चं चेलो आणि वाद्यवृंदाचं काम ऐका. शेलोमो म्हणजे राजा शलमोन. चेलो इथे अक्षरशः प्रवचन करतो. शोनबर्ग जड गेला तर ब्लॉखपासून सुरुवात करा, हा माझा प्रेमाचा सल्ला.

या युरोपीय गोष्टीचा एक धागा थेट मुंबईच्या बंदरात उतरतो. वॉल्टर काउफमान. जन्म 1907, कार्ल्सबाड, आजच्या चेक देशात. ज्यू घरातला मुलगा. बर्लिनमध्ये संगीत शिकला, प्रागच्या जर्मन विद्यापीठात मालरवर प्रबंध लिहिला. पण आपला मार्गदर्शक नाझी संघटनेत आहे हे कळल्यावर त्याने डॉक्टरेट नाकारली. फेब्रुवारी 1934 मध्ये तो मुंबईला आला. आधी भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकल्या तेव्हा त्याला त्यातलं काहीच कळेना. पण त्याने विचार केला की एवढ्या लोकांना हे आवडतं तर चूक माझ्या कानांची असणार, आणि तो शिकायला बसला. वाग्नरच्या त्या लेखाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. परका माणूस परकी भाषा शिकायला बसतो, बस. मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. त्यात व्हायोलिनवर मेहली मेहता होते, झुबिन मेहतांचे वडील. 1937 ते 1946 तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. आणि आकाशवाणीची ती सकाळची धून? तुमच्या आजीला विचारा, तिला पाठ असेल. शिवरंजनीच्या सुरांतली ती धून काउफमानची मानली जाते. त्याची बायको गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची. मराठी घरांत चहाच्या आधी वाजणारी धून एका निर्वासित ज्यूची आहे, हे शाळेत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि आता ती शेमा. सांगितलं होतं ना, परत भेटेल.

1947 मध्ये, अमेरिकेत, म्हातारा झालेल्या शोनबर्गने सातेक मिनिटांचं एक काम लिहिलं, ‘अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा’. वॉर्साच्या ज्यूंवरच्या नाझी अत्याचारातून वाचलेला एक माणूस इंग्रजीत आठवण सांगतोय. तो गात नाही, मोशेसारखाच बोलण्या-गाण्याच्या मधे. नाझी सैनिकाचे हुकूम जर्मनमध्ये. माणसं मोजली जातायत, गॅस चेंबरसाठी. आकडे भराभर, आणखी भराभर. आणि मग अचानक, इतका वेळ गप्प असलेला पुरुषांचा समूह गायला लागतो. हिब्रूत. शेमा यिस्राएल.

ज्या प्रार्थनेवर नवगावच्या कथेतली ती सात जोडपी तगली, तीच. त्यांच्याकडेही बाकी काही उरलं नव्हतं, आणि वॉर्सातल्या माणसांकडेही नाही. गलबत फुटण्याची जुनी कथा आणि गॅस चेंबर यांची तुलना करू नये, करतही नाही. पण शोनबर्गचा अर्धवट राहिलेला तिसरा अंक मला या सात मिनिटांत सापडतो. जो इतका वेळ नुसता बोलत होता त्याच्या शेजारी शेवटी गाणं येऊन उभं राहतं, आणि ते अहरोनचं गोड गाणं नसतं.

त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी इस्राएल देश झाला. भारतात तेव्हा बेने इस्राएल 20 हजारांच्या आसपास होते. पुढच्या काही दशकांत बहुतेक जण गेले. इथे कोणी हाकललं म्हणून गेले नाहीत, तिथे बोलावलं म्हणून गेले. आणि तिथे पोचल्यावर काय? 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं की बेने इस्राएलांशी लग्न लावताना त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. बगदाद्यांचा जुना संशय नव्या देशात सरकारी शिक्का घेऊन आला. आपल्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, संप केले. 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत. कोकणात ज्यांना कोणी कधी वंशावळ मागितली नव्हती त्यांना ती मागितली गेली, तीही स्वप्नातल्या देशात. मालर, शोनबर्ग यांना परक्यांनी विचारलं होतं. यांना आपल्यांनीच विचारलं.

तिथे गेल्यावर त्यांनी जपलं काय, तर मराठी. इस्राएलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. कीर्तनाचं जरा वेगळं झालं. उभं राहून आख्यान लावणारे पुरुष कीर्तनकार हळूहळू संपले. पण त्यातली पदं बायकांनी आपल्या वह्यांत उतरवून ठेवली होती. त्या वह्या इस्राएलला गेल्या, आणि अमेरिकन संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी तिथल्या या मराठी गाण्यांवर बरंच काम केलंय. ज्या गोष्टी सांगायला 1880 साली मंडळ काढावं लागलं होतं, त्या सव्वाशे वर्षांनी आज्यांच्या गळ्यात होत्या.

महाराष्ट्रात 2016 पासून ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा आहे. रायगडातल्या सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं हल्ली अवघड जातं, सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात. पेणला गणपती आणायला जाल तेव्हा बेथ हा-एलोहिम विचारत जा. जुन्या बेने इस्राएल मराठीत सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मुंबईचं मस्जिद बंदर स्टेशनही त्यांच्या 1796 सालच्या सिनेगॉगवरून नाव घेऊन बसलंय, असं सांगतात. त्यामुळे पत्ता विचारताना गोंधळ झाला तर हसू नका.

ऐकण्यासाठी आजची यादी छोटीच: मालरच्या पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग, ब्लॉखचं ‘शेलोमो’, शोनबर्गचं ‘सर्व्हायव्हर’ (रात्री झोपताना नको, प्लीज), आणि आकाशवाणीची धून. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाकडे बेने इस्राएल कीर्तनाची जुनी छापील पुस्तिका किंवा गाण्यांची वही असेल तर तिचे फोटो काढून ठेवा. पानं फार ठिसूळ झालेली असतात, पूर्ण उघडू नका, एका हाताने खालून आधार द्या. आणि म्हणणारं कोणी असेल तर आधी त्यांना विचारा, मग फोनचं रेकॉर्डिंग चालू करा.

भेटू पुढच्या भागात.